ऑन-इअर हेडफोन: दाब, गळती आणि ८५चा आकडा

ऑन-इअर, म्हणजे कानाभोवती न बसता कानावर टेकणाऱ्या, हेडफोनच्या खोक्यावर आज ओहम (विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप), डेसिबल, मिलिमीटर आणि बॅटरीचे तास छापलेले असतात. यातला प्रत्येक आकडा कुठल्या ना कुठल्या जुन्या अडचणीतून आलेला आहे. हेडफोन कानाला मानवणार की नाही हे मात्र डोक्यावरच्या पट्टीच्या दाबावर ठरतं, आणि तो दाब खोक्यावर बहुधा नसतोच.

सुरुवातीचे हेडफोन कानावरच टेकायचे. युटा राज्यातल्या एका गृहस्थाने १९१०च्या सुमारास घरच्या स्वयंपाकघरात बनवलेले जोड अमेरिकी नौदलाने विकत घेतले. काम होतं बिनतारी संदेशांचं कट्ट-कडकट्ट ऐकण्याचं, संगीताचा विचार कुणाच्या डोक्यात नव्हता. १९३७ साली बर्लिनमध्ये चुंबक आणि कॉइलवर चालणारा हेडफोन आला, १९५८ साली मिलवॉकीमध्ये स्टीरिओ. त्या जमान्यातली एक जागा अजून तशीच आहे, ती म्हणजे श्रवण तपासणीची खोली. तिथल्या कानावर टेकणाऱ्या हेडफोनच्या पट्टीचा दाब आंतरराष्ट्रीय मानकात लिहून ठेवलेला आहे: ४.५ न्यूटन, फार तर अर्धा इकडे-तिकडे. म्हणजे साधारण ४६० ग्रॅम वजनाएवढा. दाब बदलला की कान आणि गादीमधली फट बदलते, खर्जातला आवाज त्या फटीतून निसटतो आणि तपासणीचा निकाल चुकतो. तपासणीपुरता तो दाब कुणीही सोसतं. गाणी ऐकायला बसणाऱ्याने का सोसावा?

या प्रश्नाचं उत्तर १९६८ साली एका जर्मन कंपनीच्या ‘एचडी ४१४’ने दिलं. तोवर चांगला हेडफोन म्हणजे बंद, जड, कानाभोवती घट्ट बसणारा. या मॉडेलने कानावरच्या वाटीची मागची बाजू उघडी ठेवली आणि कानावर नुसती स्पंजाची पिवळी चकती टेकवली. हवा कोंडायचीच नाही म्हटल्यावर घट्ट दाबायची गरज उरली नाही. आतला आवाज बाहेर आणि बाहेरचा आत येणार हे गृहीत धरूनच तो बांधलेला होता. त्याचा विक्रीचा आकडा एक कोटीच्या पुढे सांगितला जातो. माझ्या मते ऑन-इअरचा खरा जन्म इथला. नंतरच्या प्रत्येक मॉडेलने एक तर ही गळती स्वीकारली किंवा तिच्याशी भांडण मांडलं.

‘एचडी ४१४’ हा २००० ओहमचा होता. घरातल्या रेडिओला आणि टेपरेकॉर्डरला तो चाले, कारण तिथे व्होल्टेजची ददात नसते. १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये ३३,००० येनला पहिला वॉकमन विक्रीला आला. तो दोन पेन्सिल सेलवर चालायचा, म्हणजे ३ व्होल्टमध्ये सगळं भागवायचं. एवढ्यात २००० ओहमचा हेडफोन नीट वाजत नाही. त्यामुळे ३० ओहमच्या आसपासचे, ५० ग्रॅमच्या आत वजनाचे, पातळ पट्टीचे आणि स्पंजाच्या चकत्यांचे हेडफोन त्याच्यासोबत आले. ३.५ मिलिमीटरची पिनही त्याच सुमारास खिशातल्या यंत्रांची पिन झाली. आज खोक्यावर दिसणारा ३२ ओहमचा आकडा दर्जा सांगत नाही, सेलची ताकद सांगतो. दुकानात ‘जास्त ओहम म्हणजे चांगला’ हे अजूनही ऐकू येतं, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

आपल्याकडे वॉकमन आला तो आधी आखातातून परतणाऱ्यांच्या बॅगांतून आणि मुंबईत मनीष मार्केट, मुसाफिरखान्यातून. स्पंज झिजला की बदलून मिळे, पट्टी वाकली की हाताने सरळ करता येई. नव्या हेडफोनांत ही सोय फार थोड्यांत उरली आहे.

पहिल्या वॉकमनला दोन जणांसाठी दोन सॉकेट होते आणि एक केशरी बटण. ते दाबलं की गाणं हळू होऊन माइकमधून बाहेरचं बोलणं कानात येई. माणसं एकट्याने ऐकायला तयार होतील की नाही, ही शंका त्यामागे होती. शंका अगदीच फोल ठरली आणि बटण पुढे गळालं. १९८२ साली न्यू जर्सीतल्या वुडब्रिज गावाने हेडफोन लावून रस्ता ओलांडण्यावर बंदीही घातली. त्या उघड्या स्पंजातून बाहेरचा भोंगा ऐकू येण्याची शक्यता आजच्या कानात खुपसलेल्या इअरबडपेक्षा जास्त होती, हे कुणी लक्षात घेतलं नसावं.

खरी अडचण वेगळी होती. उघडा ऑन-इअर गजबजाट अडवत नाही, म्हणून रेल्वेत बसलेला माणूस गजबजाटाच्या वर आवाज नेतो. १९९६ साली फ्रान्सने खिशातल्या प्लेअरना कायद्याने १०० डेसिबलची मर्यादा घातली. पुढची तीस वर्षं ज्यावर वाद चालू आहे तो निर्णय हाच. १०० डेसिबल कुठे मोजायचे? प्लेअरमधून आवाज येत नाही, व्होल्टेज येतं. आवाज हेडफोनमध्ये होतो, आणि ऑन-इअरच्या बाबतीत तो डोक्यागणिक बदलतो. युरोपीय मानकाने मग दोन वाटा काढल्या. खोक्यात प्लेअर आणि हेडफोन एकत्र असतील तर दोन्ही मिळून मोजायचे. वेगळे विकले तर प्लेअरने १५० मिलिव्होल्टच्या वर जायचं नाही.

कागदावर हे स्वच्छ दिसतं, पण गणित करून बघा. १५० मिलिव्होल्टवर ३२ ओहमच्या हेडफोनला ०.७ मिलिवॉट मिळतात. त्याच सॉकेटला जुना २००० ओहमचा लावला तर ०.०११ मिलिवॉट. दोघांची मिलिवॉटमागची संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्या विजेत होणारा आवाज, सारखी धरली तरी हा १८ डेसिबलचा फरक झाला. नियम पाळणाऱ्या प्लेअरवर काही उत्तम हेडफोन मुके आणि काही स्वस्त हेडफोन कर्कश वाजू लागले. २००२ साली एक गाजलेला अमेरिकी प्लेअर मर्यादा ओलांडतो म्हणून फ्रान्सच्या दुकानांतून काही काळ काढावा लागला. तो मर्यादा घालून परत आला, आणि ती मर्यादा उठवणारी सॉफ्टवेअरही लवकरच फिरू लागली.

संवेदनशीलतेचा आकडाही दोन तऱ्हेने छापतात. कुणी एका मिलिवॉटला किती डेसिबल ते लिहितं, कुणी एका व्होल्टला. ३२ ओहमचा एकच हेडफोन पहिल्या तऱ्हेने १०० भरतो आणि दुसऱ्या तऱ्हेने ११५. एकक न पाहता दोन खोकी शेजारी ठेवून तुलना करणारा ग्राहक इथे हमखास फसतो. विक्रेत्यांना हे सोयीचंच आहे.

२००९ साली युरोपच्या नियामकांनी मोठ्या आवाजाचा प्रश्न वेळेच्या हिशोबात बसवला: आठवड्याला ४० तास ऐकायचं तर ८० डेसिबल, ५ तासच ऐकायचं तर ८९. दर ३ डेसिबलला वेळ निम्मी, हे त्यामागचं सूत्र. २०१३च्या सुरुवातीपासून तिथल्या प्लेअरवर आवाज मुळात ८५वर अडतो. त्यापुढे जायचं तर ऐकणाऱ्याने संमती द्यायची, तीही दर २० तासांच्या ऐकण्यानंतर पुन्हा. आता हा ८५ कुठून आला? कारखान्यातल्या कामगाराच्या ८ तासांच्या पाळीसाठी जी मर्यादा वापरतात, तोच हा आकडा. मुलांच्या रंगीत ऑन-इअर हेडफोनवर ‘८५ डेसिबल, सुरक्षित’ असं लिहितात तेव्हा प्रत्यक्षात पाळीवरच्या प्रौढ माणसाचा आकडा सात वर्षांच्या पोराला चिकटवलेला असतो. २०१८च्या जागतिक मानकाने मुलांसाठी आठवड्याला ४० तास धरून ७५ डेसिबल सांगितले आहेत. त्या खोक्यांवर ७५ क्वचितच दिसतो.

याच मानकाने फोनला आठवड्याचा हिशोब ठेवायला सांगितलं. विचार चांगला आहे, पण जोडलेला हेडफोन कोणता आणि किती संवेदनशील हे फोनला कळलं तरच हिशोब जुळतो. तारेच्या हेडफोनबाबत फोनचा अंदाजच असतो. ब्लूटूथमध्ये ही माहिती मिळू शकते. २०१६ साली एका बड्या कंपनीने फोनमधलं ३.५ मिलिमीटरचं सॉकेट काढलं, त्या निर्णयातून हाती लागलेला हा एकुलता फायदा म्हणायला हरकत नाही.

नियमांचा हा गोंधळ चालू असताना हेडफोन पुन्हा बंद पाठीचे झाले होते. २००६ साली गोंगाट कापणारा ऑन-इअर आला. २००९च्या सुमारास जाड खर्जाचे, चकचकीत बंद ऑन-इअर तरुणांच्या गळ्यात दिसू लागले. उघडी पाठ गेली, गळती थांबवायची म्हणून पट्टी आवळली गेली. श्रवण तपासणीच्या खोलीतला दाब असा पुन्हा डोक्यावर आला, तोही तासन्‌तास.

या दाबाचा विचार करणारा एक हेडफोन १९८४ सालीच आला होता आणि तो आजही विकला जातो: ‘पोर्टा प्रो’. कानशिलावर टेकणारी छोटी उशी आणि एक सरकबटण, ज्याने भार कानावरून कानशिलाकडे वळवता येतो. चष्मा असलेल्यांनी दुकानात हीच गोष्ट तपासावी. काडी गादीखाली गेली की फट पडते, खर्ज निसटतो आणि काडी कानामागे रुतते. कानातलं घालणाऱ्यांची अडचण याहून मोठी. कुडीची फिरकी मागून टोचते आणि बुगडी तर गादीच्या बरोबर खाली येते. अशांनी वाटी दोन्ही अंगांनी फिरते का ते पाहावं, नाहीतर कानाभोवती बसणारा मोठा प्रकार घ्यावा. दोन मिनिटं लावून काही कळत नाही, दाब वीस-पंचवीस मिनिटांनी बोलायला लागतो. नवी पट्टी घट्ट असेल तर तिला पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ताणून रात्रभर ठेवण्याचा जुना उपाय पोलादी पट्टीवर चालतो, प्लास्टिकच्या पट्टीवर तडा जातो.

बंद ऑन-इअरच्या गाद्यांवरचं नकली चामडं हे पॉलियुरेथेन असतं. दमटपणा आणि घाम लागून ते विरतं. मुंबई-कोकणात पावसाळे सोसून काळे पापुद्रे गालाला चिकटू लागतात, तेव्हा आवाज शाबूत असतानाही हेडफोन कपाटात जातो. घेण्याआधी त्या मॉडेलच्या सुट्या गाद्या मिळतात का आणि त्या हाताने निघतात की डिंकाने चिकटवल्या आहेत, एवढं विचारून घ्यावं.