कॅनडाने राजमान कुणाला दिला?

२० फेब्रुवारी २०२५ च्या रात्री बॉस्टनमध्ये कॅनडा आणि अमेरिका यांच्यात आइस हॉकीचा अंतिम सामना झाला. कॅनडाने तो जादा वेळेत ३-२ असा जिंकला. तरी पुढचे कितीतरी दिवस लोक बोलत राहिले ते सामन्याआधीच्या काही क्षणांबद्दल. कॅनडाचा मानद कर्णधार म्हणून विख्यात माजी हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की बर्फावर आला तो संघाची जर्सी न घालता, सुटाबुटात; आणि येताना त्याने अमेरिकी खेळाडूंकडे पाहून अंगठा उंचावला. डोनाल्ड ट्रम्प त्या दिवसांत कॅनडाला अमेरिकेचे ५१ वे राज्य करण्याची भाषा वारंवार करत होते आणि ग्रेट्झ्की त्यांच्या मित्रांपैकी एक होता. एडमंटन शहरातल्या ‘वेन ग्रेट्झ्की ड्राइव्ह’ या रस्त्याचे नाव बदलावे असा अर्ज निघाला, त्यावर हजारोंनी सह्या केल्या. बाहेरच्या माणसाला हा राग अवाजवी वाटेल. पण याच शहराने सदतीस वर्षांपूर्वी त्याला राजपुत्रासारखे डोक्यावर घेतले होते. असा मान लोकांनीच द्यायचा आणि लोकांनीच काढून घ्यायचा, ही रीत कॅनडात शंभर वर्षांत घडत गेली आहे.

कॅनडाला खराखुरा राजाही आहे. चार्ल्स तिसरे हे कॅनडाचे राज्यप्रमुख आहेत आणि २७ मे २०२५ रोजी त्यांनी ओटावात येऊन संसदेसमोर अभिभाषण केले. कॅनडाचे नागरिकत्व घेणारा प्रत्येक जण, पुण्या-मुंबईहून गेलेली मराठी कुटुंबेही, राजाशी आणि त्याच्या वारसांशी निष्ठेची शपथ घेतात. पण राजा राहतो समुद्रापलीकडे. राजा आणि रयत यांच्या मधली जी पायरी ब्रिटनमध्ये आहे, म्हणजे सर, बॅरन, लॉर्ड वगैरे मंडळी, ती कॅनडाने स्वतःच्या हाताने काढून टाकली.

पहिल्या महायुद्धापर्यंत कॅनडातही किताब वाटले जात. देशाचे पहिले पंतप्रधान जॉन मॅकडोनाल्ड ‘सर’ होते. आपल्याकडच्या रावबहादूर-रावसाहेबांसारखे तिथेही सरकारदरबारी वजन असलेले लोक नावापुढे काहीतरी लागावे म्हणून खटपटी करत. युद्धात साठ हजारांहून अधिक कॅनेडियन सैनिक मेले आणि लोकांची या प्रकाराबद्दलची सहनशक्ती संपली. युद्धसामग्रीच्या कामाचा प्रमुख असलेला जोसेफ फ्लॅव्हेल मूळचा डुकराच्या मांसाचा मोठा व्यापारी. त्याला १९१७ मध्ये वंशपरंपरागत किताब मिळाला आणि त्याच उन्हाळ्यात त्याच्या कंपनीने युद्धकाळात मांसावर भरमसाट नफा कमावल्याचे आरोप वर्तमानपत्रांत झळकले. त्याच वर्षी माँट्रियलचे वृत्तपत्रमालक ह्यू ग्रॅहम यांना लॉर्ड करण्यात आले, तेही कॅनडाच्या पंतप्रधानांचा विरोध डावलून. मुले खंदकात मरत असताना घरी बसलेल्यांच्या नातवंडांना जन्मजात मोठेपण मिळावे, ही कल्पनाच लोकांना सहन होईना.

किंग्स्टनचे खासदार विल्यम निकल यांनी हा विषय संसदेत लावून धरला आणि १९१९ मध्ये सभागृहाने राजाला विनंती केली: कॅनडात राहणाऱ्यांना यापुढे असे किताब देऊ नयेत. हा ठराव कायदा कधीच झाला नाही. तरी तो टिकला, आणि मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. १९३० च्या दशकात पंतप्रधान बेनेट यांनी काही काळ किताब पुन्हा सुरू केले. त्यातच १९३४ मध्ये इन्सुलिनचा शोध लावणारे फ्रेडरिक बँटिंग ‘सर’ झाले. बँटिंग यांचा मोठेपणा मात्र त्या किताबात नव्हता. इन्सुलिनचे पेटंट टोरांटो विद्यापीठाला नाममात्र एका डॉलरला दिले गेले, लोकांनी लक्षात ठेवले ते हे. बेनेट गेल्यावर प्रथा पुन्हा बंद पडली. वृत्तपत्रांचे धनी कॉनराड ब्लॅक यांना ब्रिटनमध्ये लॉर्ड व्हायचे होते. पंतप्रधान जाँ क्रेतियाँ यांनी निकल ठरावाचा आधार घेऊन आडकाठी केली, तेव्हा ब्लॅक यांनी २००१ मध्ये कॅनडाचे नागरिकत्वच सोडले.

मग देशाने मान द्यायचा तरी कसा? अधिकृत उत्तर यायला १९६७ साल उजाडावे लागले. कॅनडाच्या संघराज्याला शंभर वर्षे झाली त्या वर्षी ‘ऑर्डर ऑफ कॅनडा’ सुरू झाली. तिचे पदक हिमकणाच्या आकाराचे, आणि तिचे ब्रीद बायबलमधले: ‘त्यांना अधिक चांगल्या देशाची आस आहे.’ ती मिळाल्याने कुणी सर होत नाही, मुलांना वारसाने काही मिळत नाही. आजवर आठ हजारांहून अधिक लोकांना ती मिळाली आहे. मुंबईत जन्मलेले आणि १९७५ मध्ये कॅनडात गेलेले कादंबरीकार रोहिंटन मिस्त्री त्यांपैकी एक.

सरकारी यादी आणि लोकांच्या मनातली यादी मात्र वेगळी असते, आणि लोकांची यादी खूप आधीच सुरू झाली होती.

फ्रेंचभाषक क्विबेक प्रांतात तिचा पहिला मानकरी माँट्रियल कॅनेडियन्स संघाचा हॉकीपटू मोरिस रिशार. १९४४-४५ च्या हंगामात त्याने पन्नास सामन्यांत पन्नास गोल केले. त्या काळी माँट्रियलमध्ये कारखान्याचा मालक इंग्रजी बोलणारा आणि कामगार फ्रेंच बोलणारा, असा सर्वसाधारण कारभार होता. मार्च १९५५ मध्ये बॉस्टनच्या सामन्यात रिशारने एका पंचावर हात उगारला, आणि लीगचे अध्यक्ष क्लॅरेन्स कॅम्बेल यांनी त्याला उरलेल्या संपूर्ण हंगामासाठी बाहेर काढले. १७ मार्चला कॅम्बेल स्वतः सामना पाहायला आले. प्रेक्षागृहात अश्रुधूर फुटला, सामना थांबला आणि सेंट कॅथरिन रस्त्यावर रात्रभर काचा फुटत राहिल्या. दुसऱ्या दिवशी रिशारने स्वतः रेडिओवरून फ्रेंचमध्ये लोकांना शांत राहण्याचे आवाहन केले आणि शहर शांत झाले. १९६० नंतर क्विबेकमध्ये जे सामाजिक परिवर्तन झाले त्याची सुरुवात त्या रात्री झाली असे अनेक जण मानतात. एका रात्रीला इतके श्रेय देणे मला थोडे जास्त वाटते, पण एका हॉकीपटूच्या शब्दाने दंगल थांबावी, यातून लोकांनी त्याला कुठे बसवले होते ते दिसते.

मे २००० मध्ये रिशार गेला तेव्हा लाखाहून अधिक लोक रांगा लावून अंत्यदर्शन घेऊन गेले. अंत्यसंस्कार झाले माँट्रियलच्या नोत्र-दाम बॅसिलिकात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याच चर्चमध्ये माजी पंतप्रधान पियरे ट्रूडो यांना निरोप देण्यात आला. गायिका सेलीन दियाँ हिचे १९९४ मधले लग्न तिथलेच, आणि २०१६ मध्ये तिच्या पतीचे अंत्यसंस्कारही तिथेच. चौदा भावंडांतली ही सर्वांत धाकटी मुलगी. १९९० मध्ये क्विबेकच्या एका सोहळ्यात तिला इंग्रजी विभागातले पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा ‘मी इंग्रजी कलाकार नाही’ अशा भावनेने तिने मंचावरच ते नाकारले. ती पुढे जगभर इंग्रजीतही गायली, पण क्विबेकने तिला कधी परकी मानले नाही. त्या चर्चचा दरवाजा कुणाकुणासाठी उघडला याची नोंद ठेवली तर क्विबेकच्या राजघराण्याची वंशावळच तयार होते.

इंग्रजी कॅनडाचे असे एकच देऊळ नाही. त्याचा राजपुत्र पश्चिमेच्या तेलाच्या शहरात, एडमंटनमध्ये, नावारूपाला आला. ऑन्टारिओतल्या ब्रँटफर्ड गावी १९६१ मध्ये जन्मलेला वेन ग्रेट्झ्की एडमंटन ऑइलर्सकडून खेळला, आणि पाच वर्षांत संघाने चार वेळा स्टॅनली कप, म्हणजे हॉकी लीगचा विजेतेपदाचा चषक, जिंकला. १६ जुलै १९८८ रोजी त्याने अमेरिकी अभिनेत्री जॅनेट जोन्सशी लग्न केले तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याला ‘कॅनडाचा शाही विवाह’ म्हटले आणि हजारो लोक चर्चबाहेर जमले. चोवीस दिवसांनी बातमी आली की मालकाने त्याला लॉस एंजेलिसला विकले. पत्रकार परिषदेत ग्रेट्झ्की रडला, मालकाचा पुतळा जाळला गेला, आणि नेल्सन रीस या खासदाराने तर सरकारने मध्ये पडून हा व्यवहार रोखावा अशी मागणी केली. एका खेळाडूच्या बदलीसाठी सरकारला साकडे! लोकांच्या डोळ्यांसमोर देशाची ठेव अमेरिकेला विकली जात होती, हे एकदा लक्षात घेतले की ती मागणी तितकी विचित्र राहत नाही.

ब्रँटफर्डबद्दल थोडे थांबून सांगायला हवे. टेलिफोनची कल्पना अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना याच गावात १८७४ मध्ये सुचली. आणि गावाला लागून आहे सिक्स नेशन्स ही मूलनिवासींची वसाहत. तिथला टॉम लाँगबोट १९०७ ची बॉस्टन मॅरेथॉन नव्या विक्रमासह जिंकला. लहानपणी त्याला ब्रँटफर्डच्या ‘मोहॉक इन्स्टिट्यूट’ या निवासी शाळेत घातले होते. मूलनिवासी मुलांची भाषा आणि धर्म पुसून टाकण्यासाठीच अशा शाळा चालवल्या जात. तिथून तो पळून गेला. एकाच गावच्या पंचक्रोशीतले हे तिघे. त्यांपैकी बेल आणि ग्रेट्झ्की २००४ च्या जनमतात पहिल्या दहांत आले, लाँगबोट आला नाही.

ते जनमत सीबीसी या सार्वजनिक वाहिनीने घेतले होते: सर्वांत थोर कॅनेडियन कोण? पहिला आला टॉमी डग्लस. बाहेरच्या जगात फारसे कुणी न ओळखणारा हा माणूस पहिला यावा, याचे मला आजही कौतुक वाटते. स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या डग्लसच्या पायाचे हाड लहानपणी कुजत चालले होते. पैसे नव्हते, पाय कापायची वेळ आली होती. विनिपेगमधल्या एका शल्यचिकित्सकाने विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया पाहू देण्याच्या अटीवर फुकट उपचार केले आणि पाय वाचला. श्रीमंताच्या मुलाचा पाय हमखास वाचतो आणि गरिबाचा नशिबावर, हे डग्लस विसरला नाही. १९४४ ते १९६१ सस्कॅचेवन प्रांताचा प्रमुख असताना त्याने सर्वांसाठी सरकारी आरोग्य विम्याचा पाया घातला. योजना १ जुलै १९६२ रोजी सुरू झाली त्याच दिवशी प्रांतातले डॉक्टर संपावर गेले. संप तेवीस दिवस चालला, ब्रिटनहून डॉक्टर आणावे लागले, सरकार हटले नाही. पुढच्या दहा वर्षांत सगळे प्रांत त्या वाटेने आले.

दुसरा आला टेरी फॉक्स. अठराव्या वर्षी हाडाच्या कर्करोगाने त्याचा उजवा पाय गेला. १२ एप्रिल १९८० रोजी न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्स बंदरात त्याने कृत्रिम पाय अटलांटिकच्या पाण्यात बुडवला आणि पश्चिमेकडे धावायला सुरुवात केली. रोज जवळपास एक मॅरेथॉन. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाल्यावर थंडर बे शहराजवळ कर्करोग फुप्फुसांत पोचल्याचे कळले. प्रत्येक कॅनेडियनमागे एक डॉलर जमावा अशी त्याची इच्छा होती, आणि फेब्रुवारी १९८१ पर्यंत तो आकडा, दोन कोटी चाळीस लाख डॉलर, पार झाला. २८ जून १९८१ रोजी, बाविसाव्या वर्षी तो गेला. त्याच्या नावाची धाव आता जगभर होते, मुंबईतही झाली आहे. त्याने कुठल्याही कंपनीची जाहिरात अंगावर घेतली नव्हती, कुटुंबाने तो नेम आजही पाळला आहे. पाच डॉलरच्या नव्या नोटेवर त्याचा चेहरा येणार असल्याची घोषणा डिसेंबर २०२४ मध्ये झाली.

त्या यादीतल्या पहिल्या दहांत एकही स्त्री नव्हती. ही उणीव खटकणारी आहे. चित्रपटगृहात गोऱ्यांसाठीच्या जागेवरून उठायला नकार दिल्याबद्दल १९४६ मध्ये अटक झालेल्या व्हायोला डेस्मंडचा चेहरा दहा डॉलरच्या नोटेवर आला तो २०१८ मध्ये, मॅकडोनाल्डच्या जागी.

मॅकडोनाल्ड यादीत आठवा होता. निवासी शाळांच्या धोरणातला त्याचा वाटा लोकांसमोर आला तसे व्हिक्टोरिया आणि शार्लटटाउनमधून त्याचे पुतळे हलवण्यात आले, माँट्रियलमध्ये तर २०२० मध्ये निदर्शकांनी पाडला. सातवा होता हॉकी समालोचक डॉन चेरी. स्थलांतरितांबद्दलच्या वक्तव्यावरून २०१९ मध्ये त्याची नोकरी गेली. ऑर्डर ऑफ कॅनडाही परत घेतली जाते: ब्लॅक यांची २०१४ मध्ये गेली, आणि मूलनिवासी वंशाच्या दाव्यावर प्रश्न उभे राहिल्यावर गायिका बफी सेंट-मेरी हिची २०२५ मध्ये.

ग्रेट्झ्कीवरचा राग या रांगेत पाहायला हवा. तो अमेरिकेत राहतो म्हणून लोक चिडले, हे काही खरे नाही. त्याच २०२५ च्या मार्चमध्ये देशभर ‘एल्बोज अप’, म्हणजे कोपर वर, ही घोषणा घुमली. ती आली गॉर्डी हाउ या सस्कॅचेवनच्या हॉकीपटूच्या खेळण्याच्या ढंगातून, आणि हाउ पंचवीस हंगाम डेट्रॉइटकडून खेळला. ती घोषणा दूरचित्रवाणीवर आणणारा विनोदी नट माइक मायर्स हाही कित्येक वर्षे अमेरिकेतच काम करणारा. त्याने न्यूयॉर्कच्या कार्यक्रमात ‘कॅनडा विकाऊ नाही’ असे लिहिलेला टी-शर्ट घातला आणि टोरांटोच्या या मुलाला लोकांनी पुन्हा आपला म्हटले. देश सोडून पोट भरणे हा कॅनडात कधीच गुन्हा नव्हता. त्या फेब्रुवारीत लोकांना ग्रेट्झ्कीकडून फक्त एक जर्सी आणि एक वाक्य हवे होते.