सूत्र 93 आणि गळालेले एक पद

षट्खंडागम या दिगंबर जैन आगमाच्या सहापैकी पहिल्या पाच खंडांची सूत्रे टिकली ती वीरसेनाचार्यांच्या ‘धवला’ टीकेच्या पोटात. ही टीका नवव्या शतकातली, प्राकृत-संस्कृत मिश्र भाषेतली. तिचा विस्तार 72,000 श्लोक सांगतात. श्लोक म्हणजे इथे पद्य नव्हे, 32 अक्षरांचे माप.

तिच्या ताडपत्री पोथ्या कर्नाटकातल्या मूडबिद्रीला, जुन्या कन्नड लिपीत. भाविकांना त्यांचे दर्शन घडे, वाचन नाही. त्या उतरवून घ्यायची खटपट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ज्यांनी लावून धरली, त्यांत सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी पुढे होते. ‘जैन बोधक’ हे नियतकालिक काढणारे तेच.

व्याख्यानाची, म्हणजे टीका लिहिण्याची, पाच अंगे जुनी आहेत: पदच्छेद, पदार्थ, विग्रह, वाक्ययोजना आणि आक्षेपाचे समाधान. पहिली चार विद्यार्थ्याच्या सोयीची. खरी कामाची पाचवी, कारण टीकाकारासमोर मूळ पाठ नेमका काय होता, हे आक्षेपावरून कळते.

पोथीत सूत्र आणि टीका सलग लिहिलेली असतात. एकच पद जवळजवळ आले की लेखनिकाची नजर पहिल्यावरून दुसऱ्यावर घसरते आणि मधला मजकूर जातो. जीवस्थान या पहिल्या खंडातले सूत्र 93 मनुष्यस्त्रियांच्या गुणस्थानांविषयी, म्हणजे आत्म्याच्या प्रगतीच्या पायऱ्यांविषयी, आहे. त्यात ‘असंजद’ (संयम नसलेला), ‘संजदासंजद’ (अंशतः संयमी) आणि लगेच ‘संजद’ (पूर्ण संयमी; संस्कृतात ‘संयत’). घसरायला याहून सोयीची जागा कुठली?

1939 साली अमरावतीहून डॉ. हिरालाल जैन यांनी ‘धवला’चे पहिले पुस्तक छापले, तेव्हा हाताशी होत्या नकलांवरून केलेल्या नकला. त्यांत शेवटचे ‘संजद’ नव्हते. संपादकांनी सूत्र तसेच छापले, पण ते पद इथे हवे असे तळटिपेत सुचवले. आधार टीकेचाच: ‘या आर्षवचनावरून द्रव्यस्त्रियांना (देहाने स्त्री असलेल्यांना) मोक्ष सिद्ध होईल’ असा आक्षेप वीरसेन स्वतः मांडतात आणि इथे भावस्त्री (देहाने पुरुष, पण भावाने स्त्री) अभिप्रेत आहे, असे सांगून तो खोडतात. मोक्षाला पूर्ण संयम लागतो; सूत्रात ‘संयत’ नसते, तर ही शंका निघालीच नसती. स्त्रीमुक्ती न मानणाऱ्या दिगंबर पंडितांत यावरून मोठा वाद पेटला. पुढे ताडपत्रांशी पाठ ताडून पाहिला, तेव्हा ते पद सापडले.

या पुस्तकाची सुधारित आवृत्ती 1973 साली सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने काढली. मराठी वाचक बहुधा सरळ हिंदी अनुवादाकडे वळतो. निदान या सूत्रापुरती तरी आधी टीका वाचावी, मग तळटीप, आणि अनुवाद शेवटी.