फोटोत काहीच नाही निघालं, तरी अर्धशिशी खरी

डोक्याचा एमआरआय करायला गावाहून यवतमाळ नाहीतर नागपूर गाठायचं म्हणजे दोघांची मजुरी बुडते. कापूस वेचणीच्या दिवसांत तर ते फारच जिवावर येतं. संध्याकाळच्या एसटीनं बाई थैलीत काळी फिल्म घेऊन परतते. रिपोर्ट असतो नॉर्मल. मग घरातच निकाल लागतो: "पाहा ना, फोटोत तं काईच नाई निंघालं! मंग काहून डोक्सं धरून बसते?"

अर्धशिशीत हा रिपोर्ट बहुतेकदा नॉर्मलच यायचा. साध्या एमआरआयमध्ये मेंदूची ठेवण दिसते: गाठ, रक्तस्राव, सूज. अर्धशिशीत बिघडतं ते मेंदूचं काम. विहिरीवरच्या मोटरीचा फोटो काढला तर मोटर दिसेल, पाइप दिसेल. रात्री लाइन कधी येते-जाते ते त्यात कुठून दिसणार?

ते टिपतो फंक्शनल एमआरआय. रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजन चिकटलेला असला की त्याचं चुंबकाशी वागणं एक, नसला की दुसरं. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे ताजं रक्त धावतं आणि हा फरक मशीनला कळतो.

काहींना दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमचमत्या नागमोडी रेषा दिसतात आणि हळूहळू पसरतात. कार्ल लॅशली या अमेरिकी शास्त्रज्ञाला स्वतःलाच हा त्रास होता. डोळ्यांपुढचा डाग किती वेळात किती पसरतो हे बघून त्यांनी १९४१ मध्ये हिशेब मांडला: मेंदूच्या दृष्टीच्या भागावरून काहीतरी मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर वेगानं सरकतंय. पुढं २००१ मध्ये बोस्टनच्या संशोधकांना असा एक रुग्ण भेटला, ज्याला बास्केटबॉल खेळला की या रेषा दिसत. त्याला खेळवून मशीनमध्ये निजवलं, तेव्हा लॅशलींचं ते ‘काहीतरी’ मेंदूवरून लाटेसारखं सरकताना टिपता आलं. वेग निघाला मिनिटाला ३.५ मिलिमीटर. मला मशीनपेक्षा लॅशलींचंच जास्त कौतुक वाटतं.

त्याहून महत्त्वाचा प्रयोग जर्मनीत हॅम्बुर्गला झाला, २०१६ साली प्रसिद्ध झालेला. अर्धशिशीच्या एकाच रुग्णाचं ३० दिवस रोज स्कॅन केलं. मशीनमध्ये असताना नाकाला झोंबेल असा अमोनियाचा वास द्यायचा आणि मेंदू काय करतो ते बघायचं. त्या महिन्यात दुखणं तीनदा उठलं, आणि औषध न घेता तिन्ही वेळा सोसलं गेलं. दुखणं उठायच्या आदल्या दिवशीच हायपोथॅलॅमस वेगळा वागत होता. झोप, भूक, तहान सांभाळणारा हा मेंदूच्या तळाशी असलेला छोटा भाग. चेहऱ्याच्या वेदना मेंदूत आणणाऱ्या केंद्राशी त्याचं संधान वाढलेलं दिसलं. म्हणजे डोकं ठणकायला लागतं तेव्हा अर्धशिशी सुरू होऊन एक दिवस उलटलेला असू शकतो. रुग्ण एकच, हे मात्र विसरायचं नाही. पण कळ यायच्या आधीच हायपोथॅलॅमस जागा झालेला इतर स्कॅनमध्येही दिसला आहे.

आदल्या दिवशी येणाऱ्या जांभया, आखडलेली मान, गोडाची तलफ, नकोसा झालेला उजेड यांचा अर्थ इथं लागतो. वेचणीच्या वेळचं ऊन काही मे महिन्याचं नसतं, तरी "ऊन लागलं" म्हणून बाई दुपारीच कमरेची कापसाची ओटी सोडून झाडाखाली बसते. उन्हानं, उपासानं, जागरणानं दुखणं उठतं हे खरंच. पण कधीकधी उजेड डोळ्यांत खुपतो तोच मुळी अर्धशिशी आत सुरू झालेली असते म्हणून, आणि दोष जातो उन्हाला!

फंक्शनल एमआरआय अर्धशिशीच्या निदानासाठी करत नाहीत, ते संशोधनाचं काम. साधा एमआरआय किंवा सीटी स्कॅन लागतो तो वेगळी शंका आली तर: एकाएकी असह्य कळ, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं, लुळा पडलेला हात-पाय, झटके, तापासोबत ताठ झालेली मान. अशा वेळी मजुरीचा विचार न करता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. एरवी डॉक्टर हकिकत ऐकूनच निदान करतात: दुखणं एका बाजूला का, किती तास टिकतं, उलटी होते का, उजेड सोसतो का. किराणा दुकानातून आणलेल्या गोळ्यांचाही हिशेब त्यांना द्यावा. महिन्यातले दहा-पंधरा दिवस वेदनेच्या गोळ्या पोटात जात राहिल्या, तर त्या गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं.