स्वमग्न बालकांची शारीरिक वाढ व वजन

स्वमग्नतेचे (ऑटिझम) निदान संवाद, सामाजिक वर्तन व पुनरावृत्तीच्या सवयी यांवरून होते. शरीराचे मोजमाप त्यासाठी लागत नाही. तरीही डोक्याचा घेर, उंची व वजन यांच्याशी तिचा संबंध लावण्याचे प्रयत्न जुने आहेत.

डोक्याचा घेर : स्वमग्नतेचे वर्णन करणारे बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये वर्णिलेल्या ११ बालकांपैकी ५ जणांचे डोके तुलनेने मोठे होते. मेंदूसंशोधक एरिक कर्शेन व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडलेल्या मतानुसार, जन्मवेळी सरासरीहून किंचित लहान असलेले डोके पहिल्या वर्षात झपाट्याने वाढते. यातूनच मेंदूच्या ‘अतिवाढी’ची कल्पना रूढ झाली. २०१३ च्या सुमारास रझनाहान प्रभृती संशोधकांनी, अशा अभ्यासांत तुलनेसाठी वापरलेल्या अमेरिकी प्रमाणतक्त्यांवरच (वयानुसार सामान्य वाढ दाखवणारे तक्ते) शंका घेतली. त्या तक्त्यांवर ठेवल्यास सामान्य बालकांचेही डोके वाढल्यासारखे दिसते. काही अभ्यासांत मुलग्यांची उंची व वजनही पहिल्या वर्षात अधिक आढळल्याने वाढ केवळ मेंदूची नसून सर्वांगीण असावी, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. डोक्याची ठळक वाढ बालकांच्या एका लहान गटातच दिसते. त्यांतील काहींत पीटीईएन किंवा सीएचडी८ या जनुकांत बदल असतो.

आहार व वजन : कॅनर यांनी आहारातील अडचणीही नोंदल्या होत्या. रंग, वास व विशेषतः पोत यांवरून बालक मोजकेच पदार्थ स्वीकारते. सोलापूर परिसरातील कडक भाकरी या दृष्टीने लक्षणीय आहे. ज्वारीची ही पातळ, वाळवलेली भाकरी दररोज सारखीच कुरकुरीत लागते. मऊ भाकरी किंवा रस्सा नाकारणारे मूल ती घेऊ शकते. सोबतच्या शेंगाचटणीने ऊर्जा भरपूर मिळते (१०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे ५६५ किलोकॅलरी) व वजन नीट राहते. मात्र क जीवनसत्त्व दोन्हींत नसल्यासारखेच असते. असा मोजका आहार दीर्घकाळ चालल्यास स्कर्व्ही होऊ शकते. लंगडणे, पायदुखी व हिरड्यांतून रक्त ही तिची लक्षणे. बोलून न सांगणाऱ्या मुलाचे लंगडणे अनेकदा हट्ट समजले जाते. वजनाचा आकडा येथे दिशाभूल करतो.

दुधाचे पदार्थ वर्ज्य केलेल्या मुलग्यांच्या हाडांचा बाह्यस्तर पातळ आढळल्याचे निष्कर्ष आहेत. अशा पथ्याचा वर्तनाला होणारा लाभ सिद्ध झालेला नाही.

लठ्ठपणा स्वमग्न मुलांत अधिक आढळतो. मैदानी खेळातील अल्प सहभाग, अपुरी झोप व औषधे ही कारणे सांगितली जातात. चिडचिडीसाठी दिल्या जाणाऱ्या रिस्पेरिडोनच्या २००२ मधील चाचणीत ८ आठवड्यांत सरासरी २.७ किग्रॅ. वाढ झाली, निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत ती ०.८ किग्रॅ. होती. उलट अतिचंचलतेसाठी दिल्या जाणाऱ्या मिथाइलफेनिडेटने भूक मंदावते.

मोजमाप : ५ वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेची २००६ ची मानके व त्यापुढे १८ वर्षांपर्यंत भारतीय बालरोग अकादमीचे २०१५ चे तक्ते वापरतात. प्रौढातील २३ व २७ या देहभारांकांशी (बीएमआय; उंचीच्या तुलनेत वजन दाखवणारा आकडा) जुळणाऱ्या रेषांवरून त्यांत अनुक्रमे अतिवजन व लठ्ठपणा ठरतो. काट्यावर उभे न राहणाऱ्या मुलाला पालकासह तोलून पालकाचे वजन वजा करतात. अंगणवाडीतील नियमित वजन ६ वर्षांपर्यंतच होते; पुढील नोंदी शाळा व बालरोगतज्ज्ञ यांवर अवलंबून राहतात.