सैतान नरकाचा राजा नाही

सोलापुरातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत, विशेषतः अंत्यविधीहून परतताना, ‘सैतान नरकाचा राजा असून पापी माणसांना शिक्षा देणे हे त्याचे काम आहे’ असे अजूनही बोलले जाते; पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, मात्र असे कोठेही नाही. त्यातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातील 25:41 या वचनानुसार सार्वकालिक अग्नी सैतान व त्याच्या दूतांसाठीच सिद्ध केलेला आहे, म्हणजे तो तेथला अधिकारी नव्हे, शिक्षा भोगणारा आहे. बायबलच्या जुन्या करारातील ईयोब या नीतिमान माणसाची गुरेढोरे, मुले आणि आरोग्य तो हिरावतो, ते न्यायासाठी नव्हे, तर ईयोबाने देवाला तोंडावर नाकारावे म्हणून. त्याचा खरा हेतू येथे उघड होतो, असे मला मनापासून वाटते. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकातील 12:10 हे वचन सैतानाला देवासमोर विश्वासणाऱ्यांना रात्रंदिवस दोष देणारा म्हणते, आणि तेथेच तो खाली टाकला गेल्याचेही सांगते.