एक फूट पाणी, साडेतीनशे कंटेनर

पनामा कालवा म्हटलं की आधी अंतराची वजाबाकी आठवते. न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला दक्षिण अमेरिकेला वळसा घालून जायचं तर सुमारे १३,००० सागरी मैल पडायचे. १९१४ मध्ये कालवा खुला झाला आणि हा प्रवास ५,३०० मैलांच्या आसपास आला. आज मात्र या वाटेवर विसंबलेल्या देशांच्या व्यापाराला खरा लगाम घालते ती गाटून सरोवराची पातळी.

हा कालवा समुद्रपातळीला नाही. चाग्रेस नदी अडवून तयार केलेलं गाटून सरोवर समुद्रापासून सुमारे २६ मीटर उंचावर आहे. अटलांटिककडून आलेलं जहाज गाटूनच्या जलपाशांत, म्हणजे दारं बंद करून आतलं पाणी वर-खाली करता येणाऱ्या हौदांत, तीन टप्प्यांनी वर चढतं, पलीकडे पेद्रो मिगेलला एक आणि मिराफ्लोरेसला दोन टप्पे उतरतं. पाणी चढवायला पंप नाहीत. सरोवराचं पाणी उतारानेच भुयारांतून जलपाशाच्या तळाशी येतं, जहाजाला उचलतं आणि शेवटी समुद्राला मिळतं. जुन्या जलपाशांतून एक जहाज पार झालं की सुमारे २० कोटी लिटर गोडं पाणी गेलं! २०१६ मध्ये सुरू झालेल्या मोठ्या जलपाशांना प्रत्येकी तीन टाक्या जोडलेल्या आहेत, त्यामुळे ६० टक्के पाणी पुन्हा वापरता येतं. पण त्यांच्यातून खारं पाणीही सरोवरात शिरतं, आणि पनामा सिटी व कोलोन ही शहरं याच सरोवराचं पाणी पितात.

पाणी ओसरलं की जहाजाचा तळ टेकू नये म्हणून ड्राफ्टची, म्हणजे जहाज पाण्यात किती खोल बुडावं याची मर्यादा कमी करतात. हिशोब करून पाहा. ३६६ मीटर लांब आणि ४९ मीटर रुंद कंटेनर जहाज एक सेंटीमीटर खाली बसायला साधारण १४० टन माल लागतो. एक फूट म्हणजे ३०.५ सेंटीमीटर, म्हणजे जवळपास ४,३०० टन. भरलेला कंटेनर सरासरी १२ टनांचा धरला तर साडेतीनशे कंटेनर धक्क्यावरच राहिले. त्यातच गोडं पाणी समुद्राच्या पाण्याहून हलकं असतं, म्हणून तेच जहाज सरोवरात आणखी सुमारे ३० सेंटीमीटर खोल बसतं. माल भरतानाच हे धरून चालावं लागतं.

२०२३ मध्ये एल निनोमुळे पाऊस रोडावला. मोठ्या जलपाशांची मर्यादा ५० फुटांवरून ४४ फुटांवर आली आणि रोजची ३६ च्या आसपास असणारी जहाजं नोव्हेंबरात २४ वर आली. कालवा पार करायच्या पाळीचा लिलाव होतो, त्यात एका पाळीसाठी नेहमीच्या टोलखेरीज जवळपास ४० लाख डॉलर मोजले गेले. कंटेनर जहाजांचं वेळापत्रक ठरलेलं असल्यामुळे त्यांच्या पाळ्या आधीच राखीव असतात. धान्य आणि द्रवरूप वायू नेणारी जहाजं मात्र ऐनवेळी माल ठरवतात, म्हणून ती मागे पडली. अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावरून आशियाकडे निघालेल्या अनेक जहाजांनी सुएझ किंवा केप ऑफ गुड होपची लांबची वाट धरली. काही कंटेनर एका किनाऱ्यावर उतरवून रेल्वेने पलीकडे नेले आणि दुसऱ्या जहाजावर चढवले. म्हणजे हाताळणीचा खर्च दुप्पट.

यावर उपाय म्हणून रिओ इंडिओ नदीवर धरण बांधून तिचं पाणी गाटूनमध्ये आणायची योजना आहे. त्यासाठी खोऱ्यातली गावं उठवावी लागतील, आणि तिथले शेतकरी त्याला विरोध करत आहेत.