न हललेला तारा

हाताचं बोट डोळ्यांसमोर उभं धरा. आधी एक डोळा मिटून पाहा, मग दुसरा. बोट जागचं हलत नाही, तरी खिडकीच्या एका गजावरून दुसऱ्या गजावर उडी मारतं. हात लांब केला की उडी लहान होते. दोन जागांवरून पाहिल्यामुळे दिसणाऱ्या या सरकण्याला पराशय म्हणतात.

सोळाव्या शतकात डेन्मार्कच्या टायको ब्राहेने हीच उडी आकाशात शोधली. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असेल, तर सहा महिन्यांत आपण सुमारे 30 कोटी किलोमीटर पलीकडे जातो; मग जवळचे तारे थोडे तरी सरकलेले दिसायला हवेत. दुर्बीण अजून यायची होती, तरी त्याची उपकरणं अंशाच्या साठाव्या भागापर्यंत मोजत. तारा हलला नाही.

तारे फारच दूर आहेत, असं म्हणायची सोय होती. पण टायकोने हिशोब केला. डोळ्यांना ताऱ्याची छोटी चकती दिसते. तारा इतका दूर असेल, तर एवढी चकती दिसायला तो पृथ्वीच्या अख्ख्या कक्षेएवढा हवा! त्याने पृथ्वी स्थिरच मानली. त्याला हट्टी ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. हिशोब चोख होता, खोटी होती ती चकती. डोळ्यात शिरताना प्रकाश पसरतो आणि ठिपका फुगून दिसतो. दुर्बिणीतही तेच होतं. त्याचं गणित इंग्लंडचा खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरीने 1835 मध्ये मांडलं. टायको ताऱ्याचं माप घेत होता, पण त्यात त्याच्या डोळ्याचंही माप मिसळलं होतं.

1838 मध्ये जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेलने हंस तारकासमूहातल्या 61 क्रमांकाच्या ताऱ्याचा पराशय मोजला: 0.31 विकला (एक विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग). रुपयाचं नाणं सुमारे 15 किलोमीटरवरून जेवढं दिसेल, तेवढा हा कोन. टायकोच्या अचूकतेच्या जवळपास दोनशेपट बारीक.

2025 मध्ये काम संपलेल्या गाया या अंतराळयानाने शंभर कोटींहून अधिक ताऱ्यांचा पराशय मोजला आहे, पण तोही सूर्याभोवतीच्या आपल्या याच फेरीतून. देवयानी दीर्घिका 25 लाख प्रकाशवर्षांवर आहे. तिथला एकटा तारा गायालाही हललेला दिसला नाही, अगदी टायकोसारखाच. तिथलं अंतर दुसऱ्या मार्गांनी काढावं लागतं, आणि त्या मार्गांची मापं शेवटी जवळच्या ताऱ्यांच्या पराशयावरच बेतलेली असतात.

एप्रिल 2020 मध्ये न्यू होरायझन्स यानाने पृथ्वीपासून सुमारे 700 कोटी किलोमीटरवरून प्रॉक्झिमा या सूर्याच्या सर्वांत जवळच्या ताऱ्याचा फोटो काढला. तो पृथ्वीवरच्या फोटोशेजारी ठेवा. बाकीचे तारे जागच्या जागी आहेत. प्रॉक्झिमा सरकलेला, नुसत्या डोळ्यांना दिसेल इतका.